मुलांचे मत आणि सहृदयत्वाचा प्रश्न

बालवाङ्मयाविषयी मराठीत जे समीक्षात्मक लेखन झाले आहे ते वाचीत असता एक उणीव वारंवार जाणवते. ज्या वाचकासाठी हे वाङ्मय निर्माण होते त्याची साक्ष त्यात जवळजवळ कोठेच नोंदलेली नसते. प्रौढ लेखक लिहितो, प्रौढ प्रकाशक छापतो, पालक किंवा शाळा पुस्तक विकत घेते, प्रौढ परीक्षक त्यास पारितोषिक देतात आणि प्रौढ समीक्षक त्यावर अभिप्राय लिहितो. ह्या साऱ्या व्यवहारात मूल अखेरीस येते, आणि तेही बहुधा वार्षिक संमेलनात नमस्कार करून पुस्तक स्वीकारण्यापुरते. एखाद्या नाटकाच्या रंगण्याविषयी चर्चा चालावी आणि प्रेक्षकांना मात्र कोणी काही विचारू नये, तसा हा प्रकार आहे.

ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग म्हणून शाळाशाळांतून मुलांच्या मतदानाने ग्रंथ-पारितोषिक देण्याची जी पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आहे, तिचा येथे विचार करावयाचा आहे. ग्रंथपालांच्या दृष्टीने ती वाचनप्रसाराची एक युक्ती आहे आणि तिच्याविषयीचे बहुतेक लेखन त्याच अंगाने होते. मला तीत समीक्षाशास्त्राचा एक प्रश्न दिसतो. 'हे मला आवडले' असे जेव्हा दहा वर्षांचे मूल म्हणते, तेव्हा ते विधान वाङ्मयीन निर्णय म्हणून कितपत ग्राह्य धरावे?

प्रथम थोडा इतिहास. अमेरिकेत बालवाङ्मयासाठी दिले जाणारे न्यूबेरी पदक १९२२ साली प्रथम दिले गेले. इंग्लंडातील कार्नेगी पदक १९३६ सालच्या पुस्तकापासून सुरू झाले. ह्या दोन्ही पदकांचे परीक्षक ग्रंथपाल होते व आहेत. मुलांनी स्वतः निवड करावी ही कल्पना त्यानंतरची. १९४० साली सिॲटल येथील हॅरी हार्टमन नावाच्या पुस्तकविक्रेत्याच्या पुढाकाराने अमेरिकेच्या वायव्य प्रांतांत 'यंग रीडर्स चॉइस' हे पारितोषिक निघाले आणि पहिल्या वर्षी मुलांनी पॉल बन्यन ह्या अचाट लाकूडतोड्याच्या लोककथांवरील डेल मॅकॉर्मिक ह्यांचे पुस्तक निवडले. ह्या उपक्रमाचा जनक एक विक्रेता होता ही गोष्ट विसरून चालणार नाही. मुलांस काय आवडते हे जाणण्याची निकड समीक्षकाच्या आधी दुकानदारास भासली!

पुढे १९५२ साली कॅन्सस राज्यात रूथ गार्व्हर गॅग्लिआर्डो ह्यांनी एम्पोरिया येथील शिक्षक महाविद्यालयाच्या आश्रयाने विल्यम ॲलन व्हाइट ह्या कीर्तिमान संपादकाच्या नावे असेच पारितोषिक सुरू केले. १९५७ साली व्हरमाँट राज्याने डोरोथी कॅनफील्ड फिशर ह्या लेखिकेच्या नावे पारितोषिक दिले. टेक्ससमधील 'ब्लूबॉनेट' १९७९ सालचे, कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील 'सिल्व्हर बर्च' १९९४ सालचे. आज अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत असे काही ना काही आहे. त्या सर्वांची जंत्री देण्याचे कारण नाही, कारण सर्वांचा सांगाडा सारखाच आहे: प्रौढांची समिती एक यादी करते, शाळा ती पुस्तके मिळवितात, मुले वर्षभर वाचतात आणि वसंत ऋतूच्या सुमारास मत देतात.

ह्या सांगाड्यात एक कलम मात्र असे आहे की त्याच्यापाशी थांबलेच पाहिजे. मत देण्याचा हक्क वयाने मिळत नाही, तो वाचनाने मिळवावा लागतो. व्हरमाँटमध्ये अनेक वर्षे तीस पुस्तकांची यादी असे आणि तीतील निदान पाच वाचलेल्या मुलासच मत देता येई. टेक्ससमध्ये वीसपैकी पाच, ऑन्टारिओत दहापैकी पाच. कॅलिफोर्नियातील पदकाचा नियम तर अधिक कडक: ज्या गटात मत द्यावयाचे त्या गटातील सर्वच पुस्तके वाचलेली असली पाहिजेत. राजकीय लोकशाहीत ज्या अटी आपण अन्याय्य म्हणून टाकून दिल्या, त्यांच्यासारखी ही अट वाङ्मयाच्या प्रांतात इतकी स्वाभाविक का वाटावी? ह्याचे उत्तर, माझ्या समजुतीने, आपल्या साहित्यशास्त्रात सापडते.

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने नाट्यसिद्धीचा विचार केला आहे. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, साधुकार, रोमांच ह्यांस तो प्रयोगाच्या यशाची गमके मानतो. प्रयोगाची स्पर्धा असेल तर निर्णयासाठी प्राश्निक नेमावेत असे सांगतो. विजेत्यास पताका द्यावी असेही सांगतो. पारितोषिकाची कल्पना आपल्याला परकी नाही, ती अशी जुनी आहे. परंतु त्याच अध्यायात, कोणत्या प्रेक्षकास काय रुचते हे सांगताना भरत बालकांना मूर्खांच्या आणि स्त्रियांच्या पंक्तीस बसवितो आणि त्यांना हास्य व नेपथ्य, म्हणजे विनोद आणि रंगवेष, एवढेच भावते असे म्हणतो. प्राश्निकांच्या यादीत यज्ञवेत्ता आहे, नर्तक आहे, वैयाकरण आहे, धनुर्धर आहे, चित्रकार आहे, गणिकाही आहे. बालक अर्थातच नाही. बालवाङ्मयाचे आजचे पुष्कळसे परीक्षक भरताचे नाव न घेता हीच भूमिका पाळीत असतात. मुलाला चित्रे आवडतात, गंमत आवडते. गुणवत्ता ठरविणे हे आपले काम.

ह्याच्या उलट टोकाला मूल हे निष्पाप आणि म्हणून अचूक परीक्षक होय असे मानणारा एक भाबडा पंथ आहे. ह्या पंथाचे समाधान करणे मला शक्य नाही. कॅन्ससचे पहिले पारितोषिक १९५३ साली मुलांनी एलिझाबेथ येट्स ह्यांच्या 'ॲमस फॉर्च्यून, फ्री मॅन' ह्या पुस्तकास दिले. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या आणि पुढे स्वतःचे स्वातंत्र्य स्वतःच्या कष्टाच्या पैशाने विकत घेणाऱ्या एका गुलामाचे ते चरित्र. ह्या पुस्तकास दोनच वर्षांपूर्वी ग्रंथपालांनी न्यूबेरी पदक दिलेले होते. म्हणजे पहिल्याच फेरीत मुलांनी वडीलधाऱ्यांच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. नंतरच्या काळात, त्या पुस्तकात गुलामगिरीचे चित्र फार सौम्य आणि नायक फार सोशिक आहे असा आक्षेप अनेक टीकाकारांनी घेतला. तो आक्षेप १९५३ साली ना ग्रंथपालांना सुचला ना मुलांना. मुलाची अभिरुची काळाच्या पलीकडे उभी असते असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. व्हरमाँटच्या पारितोषिकाची कथाही ह्याच जातीची आहे. डोरोथी फिशर ह्यांनी १९१२ साली माँटेसरी पद्धतीचा परिचय अमेरिकन मातांना करून दिला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक ह्यांच्या कार्यामुळे आपल्याकडे ज्या विचाराचा प्रसार झाला, त्याच विचाराच्या त्या पुरस्कर्त्या. परंतु वंशशुद्धीच्या चळवळीशी त्यांचा संबंध होता काय ह्याविषयी वाद उत्पन्न झाला आणि २०१९ साली त्यांचे नाव पारितोषिकावरून काढून टाकण्याचे ठरले. साठाहून अधिक वर्षे मुले त्या नावाच्या पारितोषिकासाठी मते देत होती.

मूल मूर्ख नाही आणि अचूकही नाही. मग ते वाचक म्हणून आहे तरी कोण? येथे अभिनवगुप्ताची सहृदयाची व्याख्या उपयोगी पडते. काव्याच्या सतत परिशीलनाने ज्यांचा मनोरूपी आरसा स्वच्छ झालेला आहे आणि म्हणून वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्यांच्या ठायी आली आहे, ते सहृदय. ह्या व्याख्येला दोन अंगे आहेत: परिशीलन आणि तन्मयता. अभिनवगुप्ताच्या मांडणीत पहिल्यातून दुसरे येते. मुलाच्या बाबतीत हा क्रम उलटा झालेला दिसतो. तन्मय होण्याची शक्ती त्याच्यापाशी इतकी उदंड असते की प्रौढ रसिकाने तिचा हेवा करावा; उणीव असते ती परिशीलनाची. त्याने एकच परीकथा वाचलेली असते, म्हणून ती त्याला जगातील सर्वोत्तम परीकथा वाटते. पाच पुस्तकांची अट ह्या दृष्टीने पाहिली म्हणजे तिचा खरा अर्थ उलगडतो. ती मुलाला वर्षभराच्या अवधीत परिशीलनाचा एक लहानसा, पण खरा, अनुभव देते. पाचवे पुस्तक मिटताना त्याच्या मनात पहिल्या चारांची आठवण जागी असते आणि नकळत तुलना सुरू होते. ह्या पद्धतीत मतपेटीला जे महत्त्व दिले जाते त्याहून अधिक ह्या अटीला दिले पाहिजे, असे माझे मत आहे. अट शिथिल केली की मागे उरते ती केवळ लोकप्रियतेची मोजदाद.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, काही शिक्षकमित्रांच्या आग्रहावरून, मराठी माध्यमाच्या एका वर्गात आम्ही असे मतदान घडवून आणले. चाळीस मुले, दहा पुस्तके, प्रत्येकाची एकच प्रत. अट पाचांची ठेवली होती. हिशेब आम्ही आधी केला नाही ही आमची चूक. चाळीस मुलांनी पाच पाच पुस्तके वाचावयाची म्हणजे दोनशे वाचने. एका वेळी दहाच पुस्तके फिरणार. एका पुस्तकास एक आठवडा धरला तरी वीस आठवडे हवेत. परीक्षा, सहली, दिवाळीची सुटी वजा जाता तेवढे आठवडे आमच्यापाशी नव्हते. अखेर पाचांची अट तीनवर आणावी लागली. त्यात आणखी असे झाले की एका शिक्षकांनी सद्हेतूनेच प्रार्थनेच्या वेळी यादीतील एका चरित्राची तोंड भरून स्तुती केली. मोजणीत ते चरित्र पहिले आले. त्यांतील किती मते पुस्तकास पडली आणि किती शिक्षकांस, हे आता सांगता येणार नाही. मत गुप्त ठेवावे एवढे पुरेसे नसते. मतापूर्वीचे मौन त्याहून अवघड असते, आणि आपल्या शाळांत ते शिक्षकांना फार जड जाते.

त्याच वर्गात एक मुलगी चिठ्ठी घेऊन आली आणि म्हणाली, "सर, मी एकच पुस्तक वाचलंय. पण तीनदा वाचलंय. चालेल का?" चालणार नाही, असे मी तिला सांगितले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते आणि वर मांडलेल्या विचाराप्रमाणेही ते बरोबरच ठरते, कारण तुलनेवाचून निवड नाही. तरीही हे उत्तर मला तेव्हापासून सलत आले आहे. परिशीलन म्हणजे अनेक ग्रंथांचा परिचय एवढेच असते काय? एकाच ग्रंथाकडे पुनःपुन्हा वळणे हेही परिशीलनच नव्हे काय? ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्या वारकऱ्यास आपण अल्पवाचक म्हणत नाही. मतदानाच्या पद्धतीत ह्या पुनर्वाचनाची नोंद होण्याची सोय नाही, आणि हे तिचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे. दहा मुलांनी एकदा वाचून बरे म्हटलेले पुस्तक एका मुलाने तीनदा वाचलेल्या पुस्तकाला सहज मागे टाकते. वस्तुतः चिठ्ठीवर 'हे पुस्तक तू किती वेळा वाचलेस?' एवढा एक प्रश्न छापला असता तरी आम्हाला कितीतरी अधिक कळले असते.

फ्रान्समध्ये ह्या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला गेला आहे. तेथे १९८८ सालापासून 'गाँकूर दे लिसेएँ' नावाचे पारितोषिक दिले जाते. गाँकूर अकादमीचे परीक्षक आपल्या पारितोषिकासाठी कादंबऱ्यांची जी पहिली यादी करतात, तीच यादी सुमारे दोन हजार माध्यमिक विद्यार्थी सुमारे दोन महिन्यांत वाचतात. ही मुले वयाने मोठी, पंधरा ते अठरा वर्षांची. म्हणून तुलना जपूनच करावयास हवी. परंतु तेथे नुसती चिठ्ठी पेटीत टाकून काम भागत नाही. वर्गावर्गांत चर्चा होते, प्रत्येक वर्ग आपला प्रतिनिधी निवडतो, प्रतिनिधी आपल्या वर्गाच्या वतीने बाजू मांडतात आणि शेवटचा निर्णय वादविवादातून निघतो. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांनी आणि अकादमीने एकच कादंबरी निवडली, एरिक ओर्सेना ह्यांची. १९९५ साली आंद्रेई माकीन ह्यांच्या बाबतीत पुन्हा तसेच घडले. एरवी मात्र बहुधा दोन्ही निर्णय वेगळे येतात, आणि त्याचे कोणास वैषम्य वाटत नाही. एकाच यादीवर दोन पिढ्यांचे दोन अभिप्राय शेजारी शेजारी उभे राहतात. समीक्षेला ह्याहून मोलाची सामग्री कोणती?

इंग्लंडातही असा भेद दिसून आला आहे. रोआल्ड डाल ह्यांना कार्नेगी पदक कधीच मिळाले नाही. परंतु त्यांच्या 'मटिल्डा'ची निवड मुलांनी स्वतःच्या पारितोषिकासाठी केली. ह्या कादंबरीतील मुख्याध्यापिका कशी रंगविलेली आहे ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ग्रंथपालांचा संकोच आणि मुलांचा उत्साह हे दोन्ही समजतील. डाल ह्यांचा क्रूर विनोद हा वाङ्मयीन दोष आहे की मुलांच्या भावविश्वातील एका खऱ्या गरजेला मिळालेला प्रतिसाद आहे, ह्यावर वाद होऊ शकतो. हा वाद उभा राहतो तो मुलांनी मत दिले म्हणून.

मराठीत असे वाद उभेच राहिले नाहीत. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्रातील पिढ्या तिच्या संस्कारात वाढल्या, हे निर्विवाद आहे. परंतु ती मुलांनी निवडली की मुलांसाठी निवडली गेली, ह्याचा पुरावा आपल्यापाशी नाही. आहेत त्या प्रौढांच्या आठवणी, आणि आठवणींत रडणे नेहमीच गोड होते. ह्याच्या उलट भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश फेणे मुलांनी हातोहात वाचला. गंभीर समीक्षेने मात्र त्याच्याकडे दीर्घकाळ लक्ष दिले नाही. साहसकथा, म्हणून खालच्या पायरीवरची, असे गृहीत धरले गेले. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'विषयीही थोड्याफार फरकाने हेच म्हणता येईल. विंदा करंदीकरांच्या बालकवितेस प्रतिष्ठा मिळाली, पण तीत कवी म्हणून त्यांच्या थोरवीचा वाटा किती आणि मुलांच्या तोंडी बसलेल्या ओळींचा वाटा किती, हे कोणी तपासले आहे? ज्या पुस्तकांची पाने मुलांच्या हातांनी मऊ झाली त्यांची यादी आपल्या जुन्या वाचनालयांच्या नोंदवह्यांत होती. त्या नोंदवह्या बहुतेक ठिकाणी रद्दीत गेल्या.

ह्या मासिकाच्या इतर भाषांतील वाचकांनी आपापल्या भाषेपुरते हे चित्र पडताळून पाहावे. मराठीपुरते बोलावयाचे तर, मूळ दुखणे असे आहे की बालवाङ्मयाचा खरेदीदार आणि वाचक ह्या दोन निराळ्या व्यक्ती आहेत. शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके मान्य याद्यांवरून घेतली जातात, आणि पुष्कळदा कपाटात जाऊन कुलपाआड सुरक्षित राहतात. त्यामुळे लेखकाची नजर अपरिहार्यपणे खरेदीदारावर, म्हणजे बोध शोधणाऱ्या प्रौढावर, खिळते. मराठी बालकथेच्या शेवटी जे तात्पर्य डोकावते ते लेखकाच्या स्वभावातून येते असे मला वाटत नाही. ते ह्या व्यवहारातून येते. मराठी ही ज्यांची घरची भाषा नाही त्या भिल्ल, गोंड, कोरकू मुलांची गोष्ट तर आणखी निराळी. त्यांच्यापुढे यादी ठेवण्याआधी ती कोणत्या भाषेत ठेवावयाची हा प्रश्न आहे आणि त्यासाठी स्वतंत्र लेखच हवा.

साहित्य अकादमीने २०१० सालापासून चोवीस भाषांत बालसाहित्य पुरस्कार सुरू केला, ही मोठीच गोष्ट झाली. मराठीत त्या वर्षी तो अनिल अवचट ह्यांच्या 'सृष्टीत... गोष्टीत' ह्या पुस्तकास मिळाला. काही भाषांत काही वर्षी हा पुरस्कार एका पुस्तकासाठी नसून लेखकाच्या एकंदर बालसाहित्यसेवेसाठी दिला गेला. अशा वेळी मुलांस विचारण्यासारखे काही उरतच नाही, कारण मूल सेवा वाचीत नाही, पुस्तक वाचते. परीक्षकांच्या निर्णयाला धक्का लावावा असे मी सुचवीत नाही. प्राश्निक हवेतच. परंतु विचारार्थ आलेल्या पुस्तकांतील आठदहा पुस्तके प्रत्येक भाषेतील थोड्या शाळांत वर्षभर फिरविता येणार नाहीत काय? फ्रान्सप्रमाणे दोन निर्णय शेजारी शेजारी प्रसिद्ध करावेत. आणि मुलांच्या मतांचे आकडे छापण्यापेक्षा त्यांनी दिलेली कारणे, त्यांच्याच भाषेत, दुरुस्ती न करता छापावीत. त्या गावच्या चिठ्ठ्यांच्या मागे, कोणी सांगितलेले नसताना, काही मुलांनी एकेक ओळ लिहिली होती. एकाने लिहिले होते की गोष्ट चांगली आहे, पण लेखक मध्येच बोलायला येतो. तात्पर्याच्या दोषाविषयी मी ह्याहून नेमके विधान मराठी समीक्षेत वाचलेले नाही.

व्यवहाराचा प्रश्न राहतो तो प्रतींचा. वर सांगितलेल्या हिशेबात प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती धरल्या तर वीस आठवड्यांचे दहा होतात, चार धरल्या तर पाच. दहा पुस्तकांच्या चार प्रती म्हणजे एका वर्गास चाळीस पुस्तके, मुलामागे एक. पाच आठवड्यांत पाच पुस्तके वाचून झाली की तोच संच शेजारच्या शाळेत धाडता येतो, आणि शालेय वर्षात तो निदान चार शाळांना पुरतो. बारा शाळांसाठी तीन संच लागतील, म्हणजे एका भाषेस एकशेवीस पुस्तके.